पहिला घाव मालकाचा

"डोळे मिटा आणि हात पुढे करा," हणमंतराव म्हणाले.

सूर्यभानने डोळे मिटून तळहात पुढे केला. कोणीतरी त्यावर चिमूटभर भुसा ठेवला. त्याने तो बोटांनी चोळला, नाकाशी नेला आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या.

"शिरीष," डोळे पुसत तो म्हणाला. "ह्याला वळखायला काय लागतंय? ह्याचा भुसा नाकात गेला की मानूस शिंकतोच."

मंडळी हसली. हणमंतरावांना भलताच चेव चढला. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून एवढी करमणूक त्यांना लाभली नव्हती. हैदराबादेत तारनाक्यावरचा त्यांचा बंगला पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहणार होतं, म्हणून आवारातली झाडं सकाळपासून पडत होती आणि ते खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांनी दुसरी चिमूट ठेवली. सूर्यभानने नुसता वास घेतला, "कडुनिंब" म्हणाला आणि तोंड वाकडं केलं. तिसरी चिमूट ठेवताना हणमंतराव मिशीत हसत होते. सूर्यभानने ती चोळली, जिभेच्या टोकाला लावून थुंकली आणि डोळे उघडले.

"हे झाडाचं न्हाई, साहेब. तुमच्या दाराची चौकट हाय. सागवान. अन् वरून आइल पेंट दिलाय, दोन हात."

"कमाल है!" म्हणत हणमंतरावांनी मांडीवर थाप मारली आणि आत ओरडून चहा सांगितला. चहा चांगल्या कपबशीत आला, सोबत बिस्किटंही आली. तोडकरी टोळीचा म्होरक्या यादगिरी फांद्या छाटता छाटता म्हणाला, "तात्या की नाक को सलाम."

पंचावन्न वर्षांच्या सूर्यभानला हे कौतुक आवडत नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. कोठी भागामागच्या प्रतापरावांच्या वखारीत तो तीस वर्षं लाकूड फोडत होता. आचारी त्याला विचारून लाकूड उचलत: बिर्याणीला चिंच हवी, ती मंद आणि लांबपर्यंत जळते, बाभळीचा निखारा टिकतो, आंबा धूर करतो, तो लग्नाच्या मांडवाजवळ नको. पुढे घरोघरी गॅस आला आणि वखारीला गिऱ्हाइकं उरली दोनच, लग्नाचे आचारी आणि मयताचे नातेवाईक. प्रतापराव गुडघेदुखीमुळे घरी बसले. कारभार हाती घेतलेल्या त्यांच्या मुलाने, हर्षवर्धनने, मात्र हातावर हात ठेवून बसायचं नाकारलं. शहरात जुने बंगले पडत होते आणि प्रत्येक बंगल्याला झाडं होती. त्याने परदेशी बनावटीची चेनसॉ आणली आणि झाडं पाडायची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली.

सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा कुऱ्हाड कवटाळून रुसून बसणार. म्हाताऱ्याने तीन दिवसांत मशीन शिकून घेतली. कुऱ्हाडीने खांद्याचा जो चुथडा केला होता त्याची त्याला काही गोडी नव्हती. साखळीला धार कशी काढायची, तेल कधी द्यायचं, बुंध्यात पातं अडकलं तर काय करायचं, सगळं तो शिकला. लाकूड कापताना भुशाचा रंग बदलला तर आत गाभा आला की किडीचं भोक, हेही तो सांगू लागला. आठ महिन्यांत हर्षवर्धनने ती मशीन एकदाही हातात धरली नव्हती. ती सूर्यभानची होती, फक्त कागदावर नव्हती एवढंच.

दुपारी बारापर्यंत शिरीष, दोन कडुनिंब आणि एक वांझ आंबा आडवे झाले. ओंडके जातवार लागले. आता आवारात एकच झाड उभं होतं. कोपऱ्यात, विहिरीच्या कठड्याला खेटून, दोन माणसांच्या कवेत न मावणारा पिंपळ.

यादगिरीने डोक्याचा गमछा काढला आणि सरळ सावलीबाहेर जाऊन उभा राहिला.

"ये नक्को सेठ," तो हर्षवर्धनला म्हणाला. "रावि चेट्टू है, पीपल. मैं हात नै लगातूं. मेरी बीवी पेट से है."

"अरे, सकाळी तर बोललो होतो ना सगळी झाडं म्हणून?"

"बोले थे. ये नै बोले थे."

त्याच्या टोळीतली माणसंही एकेक करून हत्यारं खाली ठेवून बाजूला झाली. हर्षवर्धन चिडला नाही. तो हसला, कारण त्याच्याकडे तोड होती. सूर्यभानच्या खांद्यावर हात टाकून त्याने त्याला बाजूला घेतलं. एरवी तो त्याला नावाने हाक मारी. काम अवघड असलं की काका म्हणे.

"काका, म्हणून तर तुम्हाला आणलं. मी हणमंतरावांना आधीच बोलून ठेवलं होतं, काळजी करू नका, आमच्याकडे माणूस आहे. पार्टी मोठी आहे. हे झालं की पुढचे चार बंगले आपलेच. तुम्हाला काय, तुम्हाला हे काही लागत नाही."

"काय लागत न्हाई?"

"हेच हो. पाप-बिप. तुम्ही तर देव कधीच सोडले."

सूर्यभान काही बोलायच्या आत इंदुताई, हणमंतरावांच्या पत्नी, ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पिंपळाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, वाती लावल्या, दोरा गुंडाळला आणि कपाळ टेकवून झाडाची क्षमा मागितली. त्यांचे डोळे खरंच भरले होते. पदराने ते टिपत त्या सूर्यभानजवळ आल्या.

"दर शनिवारी पाणी घालते हो मी याला. पण यांनी सह्या केल्यात, आता काय करणार? आमच्याच्यानं तर हे व्हायचं नाही. तुम्हा लोकांना चालतं, म्हणून बरं झालं बाई तुम्ही आलात."

बाई वाईट नव्हती. बिस्किटं तिनेच पाठवली होती. म्हणूनच ते वाक्य सूर्यभानच्या काळजात रुतलं. शिवी दिली असती तर त्याने शिवीच परत दिली असती आणि हिशेब मिटला असता.

त्याला बाप आठवला. देगलूरकडच्या त्यांच्या खेड्यात पाटलाच्या घरची लाकडं फोडणं हे महारकीचं काम होतं, मेलेलं ढोर ओढणं महारकीचं काम होतं आणि मयताला सरपण नेणंही. जे कोणाला करायचं नसे ते यांना चालत असे. बापाने एके दिवशी कुऱ्हाड पाटलाच्या दारात टाकली आणि बायकोपोरं घेऊन हैदराबाद गाठलं. लाकूड फोडायचंच असेल तर मजुरी ठरवून फोडू, असं तो म्हणे, आणि हे सांगताना दर वेळी ताठ बसे. सूर्यभाननेही तीस वर्षं तेच केलं. लाकूड तो ओळखतो म्हणून लोक त्याला बोलावतात, अशी त्याची समजूत होती. आत्ता, चहाची चव अजून तोंडात असताना, त्याला कळलं की आज त्याला वेगळ्याच कारणासाठी बोलावलं होतं.

सूर्यभान शांत स्वभावाचा माणूस आहे असं वखारीत म्हणत. म्हणणाऱ्यांनी त्याला नीट पाहिलं नव्हतं. त्याचा राग हळू चढे, ओल्या चिंचेसारखा, आणि एकदा धरला की विझत नसे.

त्याने मशीन उचलली. इंदुताई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. सूर्यभानने दोरी ओढली, मशीन सुरू झाली. दोन पावलं तो झाडाकडे गेला, मग वळला आणि चालती मशीन घेऊन हर्षवर्धनपुढे उभा राहिला.

"घ्या."

"काय?"

"पहिला घाव मालकाचा. वखारीची रीत हाय. तुमचे वडील वखारीसाठी उभं झाड इकत घेत, तवा पहिला घाव सोता घालत. झाड पाडायची जोखीम पहिली मालकाची, मग गड्याची, म्हनत. तुम्ही लहान होता, माझ्या खांद्यावर बसून बघितलंय तुम्ही. आज घाला. खाच पाडा इतुकी, चार बोटं. बाकीचं झाड मी उतरवतो, दिवस मावळायच्या आत."

हर्षवर्धनने मशीनकडे पाहिलं. "काका, मला कुठे चालवता येते ती?"

सूर्यभानने मशीन बंद केली. यादगिरीच्या पायाशी पडलेली कुऱ्हाड उचलून पुढे धरली. "मग ही घ्या. हिला शिकावं लागत न्हाई."

"हे काय नवीन काढलं? लोक बघतायत."

"बगू द्या की."

हर्षवर्धनने हात पुढे केला. अर्ध्यावर गेला तो हात. तेवढ्यात त्याची नजर दोऱ्यावर, वातींवर गेली आणि हात आपोआप खिशात गेला.

सूर्यभान हणमंतरावांकडे वळला. "साहेब, तुम्ही या. झाड तुमचं, सही तुमची. एकच घाव घाला."

हणमंतराव खुर्चीतून अर्धवट उठले. इंदुताईंनी त्यांचं कोपर धरलं तसे ते पुन्हा बसले. सकाळपासून टाळ्या वाजवणारा माणूस आता पायातल्या चपलेकडे बघू लागला.

"म्हंजी तुम्हा समद्यांना पाप लागतं," सूर्यभान म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि तो त्याने उतरवला नाही. "अन् मला लागत न्हाई. कामून? माझ्या हाताला काय येगळं कातडं हाय? इथं पाप असंल तर ते चौघांत वाटून घ्या, माझा वाटा मी घेतो. अन् पाप नसंल, तर मग एक घाव घालाया काय जातंय तुमचं?"

"अहो, पण तुम्ही देव मानत नाही ना?" हर्षवर्धन जवळजवळ ओरडला. "मग तुम्हाला प्रॉब्लेम काय आहे?"

"देव न्हाई मानत. ह्या झाडाखाली जो बसला हुता, त्याला मानतो." त्याने बोट वर केलं. "वखारीत माझ्या कोपऱ्यात फोटो हाय. रोज त्याच्याखाली हुबं राहून तुम्ही मला काम सांगता. त्यातलं पान कधी बगितलं न्हाई?"

हर्षवर्धनने वर पाहिलं. फोटो त्याने हजारदा पाहिला होता. त्यातलं झाड कोणतं, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. शेजारी यादगिरी खाली मान घालून उभा होता, पण त्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी मजा होती आणि ती तो लपवत नव्हता.

"सरळ सांगितलं असतं तर कापलं असतं का, ते मलाबी म्हाईत न्हाई," सूर्यभान म्हणाला. "घरी बायकोला, मालनला इचारलं असतं, रातभर तळमळलो असतो, अन् कदाचित कापलंबी असतं. पन मला चालतं म्हनून मी कापनार न्हाई. त्यासाठी माझा बाप गाव सोडून आला न्हाई."

हणमंतराव घसा खाकरून म्हणाले, "हर्षवर्धन, राहू दे आज. बिल्डरला विचारून बघतो, एखादी भिंत इकडे-तिकडे..." आणि ते आत गेले. इंदुताई त्यांच्यामागून गेल्या. ताट बुंध्याशी तसंच राहिलं.

हर्षवर्धनचे कान लाल झाले होते. चार बंगले हातचे गेले हे त्याला कळत होतं. मालक म्हणून चारचौघांत त्याची शोभा झाली होती ते वेगळंच.

"उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. या वेळी काका म्हणाला नाही.

"न्हाई येत."

पण लगेच निघून जाणं सूर्यभानला जमलं नाही. तो ओंडक्यावर बसला. मशीनच्या पात्यात अडकलेला भुसा त्याने काडीने उकरून काढला, साखळी फडक्याने पुसली, बोटाने तिचा ताण पाहिला आणि किंचित सैल केला, कारण गरम साखळी तशीच ठेवली तर गार होताना आवळते. पात्यावर म्यान चढवलं. तेलाचं झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं. हे करायला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत त्याचा जीव किती तुटला ते सांगत बसण्यात अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा चांगलं हत्यार हाती आलं होतं आणि तेही आठच महिने टिकलं.

उठून त्याने मशीन दोन्ही हातांनी हर्षवर्धनला दिली. तिच्या वजनाने हर्षवर्धनचे हात खाली गेले. कुठे धरायची हेच त्याला कळेना. सूर्यभानने त्याचा उजवा हात मागच्या मुठीवर आणि डावा पुढच्या मुठीवर नेऊन ठेवला.

"अशी धरायची," तो म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला.

बसस्टॉपवर दुपारची गर्दी नव्हती. कॉलेजची दोन पोरं तेवढी उभी होती. सूर्यभान खांबाला टेकला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपले हात थरथरतायत. मशीन दिवसभर चालवली की हात असेच हलत राहतात, तासभर तरी. आजची थरथर तेवढीच आहे की रागाचीही आहे, ते त्याला सांगता येईना. त्याने हात काखेत दाबून धरले.

कोठीची बस आली, थांबली. कंडक्टरने दारातून विचारलं, "चलते क्या, बडेमियाँ?"

सूर्यभानने नाही म्हणून मान हलवली. मालनला नोकरी गेल्याचं सांगायचं होतं, आणि ते सांगताना ती चेहऱ्याकडे बघणार नाही, हातांकडे बघेल, हे तीस वर्षांच्या संसारात त्याला पाठ झालं होतं. तिला वाटायला नको होतं की तो घाबरून आला.

दुसरी बस आली. तीही त्याने सोडली.

तिसरी आली तेव्हा त्याने हात काखेतून काढले आणि डोळ्यांसमोर धरले. बोटं स्थिर होती. त्याने दांडा पकडला आणि वर चढला.