भोंग्याची गाडी

शहरात घटसर्पाची साथ आली आणि नगरपालिकेच्या मोठ्या खोलीत बैठक भरली. तिचा पहिला अर्धा तास लोकांना नावं ठेवण्यातच गेला. लोकांना अक्कल नाही, लोक सांगून ऐकत नाहीत, लोक डोक्यावर बसलेत. आपल्या सगळ्यांच्याच कचेऱ्यांत बैठका अशा सुरू होतात, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

रोग मात्र बाहेर थांबला नव्हता. घटसर्प बहुतेक लहान मुलांना गाठतो. आधी बारीक ताप, घसा दुखणं. मग घशात करडा पापुद्रा धरतो आणि श्वासाची वाट अडवतो. त्याचं विष हृदयापर्यंत पोचतं. वेळच्या वेळी लस टोचलेली असेल, तर तो सहसा त्या मुलाच्या वाट्याला जात नाही. पण आज नेऊ, उद्या नेऊ म्हणता म्हणता कितीतरी घरांत डोस राहून गेले होते. स्मशानात लहान मुलं येऊ लागली, तेव्हा शहर दचकून जागं झालं.

मुख्याधिकाऱ्यांनी भराभर हुकूम सोडले. शाळा बंद. दवाखान्यात वेगळा वॉर्ड. लस टोचणाऱ्या आणि घसे तपासणाऱ्या तुकड्या घरोघरी. आणि वस्त्यांतून फिरायला भोंग्याची गाडी.

"बोलणार कोण?" त्यांनी विचारलं.

"आपला नगारा आहे की," कोणीतरी म्हणालं आणि खोलीत पहिल्यांदाच हशा पिकला.

नगारा म्हणजे घरपट्टी वसुलीचे थोरले कारकून. समोर सगळे त्यांना वसुलीसाहेब म्हणत, मागे नगारा. त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी घुमला की शेवटच्या घरातला थकबाकीदार पैसे मोजायला घेई, अशी ख्याती होती.

"यांच्या आवाजाने बुडीत पैसे बाहेर येतात, मग रोगी का येणार नाहीत?" मुख्याधिकारी म्हणाले.

वसुलीसाहेब माणूस वाईट नव्हते. दिलेलं काम चोख करावं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी वसुलीच्या नोटिशीवरूनच मजकूर बेतला आणि त्याच दुपारी आवाज मुद्रित झाला.

"नागरिकांनो, सावधान! ज्या घरात तापाचं अथवा घसा दुखणारं मूल आढळेल, ते घर सील करण्यात येईल. मुलाला ताब्यात घेऊन वेगळ्या वॉर्डात हलवण्यात येईल. रोगी लपवणाऱ्याची गय केली जाणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून गाडी फिरू लागली. गाडीच्या टपावर दोन भोंगे, पुढे वसुलीसाहेब आणि त्यांच्या शेजारी ड्रायव्हर. ड्रायव्हर रोजंदारीवरचा, तरुण, बोलका. पहिल्या दिवशी पोरं गाडीमागे पळाली. तिसऱ्या दिवशी गाडी दिसताच आया पोरांना बखोटीला धरून आत ओढू लागल्या. पुढे पुढे गाडी गल्लीत शिरण्याआधीच दारं लागायची. नळ वाहत राहायचा, त्याखालची बादली तशीच, आणि माणूस नाही.

"बघ, कसे टरकलेत," वसुलीसाहेब म्हणायचे.

मागून तपासणीच्या तुकड्या जायच्या. दर घरात एकच उत्तर. मुलं मामाकडे गेलीत.

दवाखान्याच्या वॉर्डाचं काम पाहणाऱ्या मोठ्या सिस्टर एका तुकडीबरोबर स्वतः फिरून आल्या आणि वसुलीसाहेबांना जिन्यात गाठून म्हणाल्या, "साहेब, सगळ्या शहराची मुलं मामाकडे गेली म्हणतात. मग दारातल्या इवल्या चपला कोणाच्या?"

"मग घुसून बघायचं ना."

"काल 'घुसून बघू' असंही सांगून पाहिलं. आज चपलाही आत गेल्या."

कचेरीत मात्र आनंद होता. रोज सापडणारे रोगी कमी होत होते. साथ ओसरली, असं मुख्याधिकारी वर कळवूनही बसले.

त्याच सुमारास ड्रायव्हर गप्प झाला. एका दुपारी गाडी सावलीला लावून दोघं डबा खात होते. ड्रायव्हर घास नुसताच कालवत होता.

"साहेब, समजा, एखाद्या पोराचा नुसता घसाच दुखत असेल. थंड पाणी प्यायल्याने. तर?"

"समजा कशाला? उचलायचं आणि गाडीत घालायचं."

"आणि घरचे?"

"बसतील कोंडून. का रे, तुझ्याकडे आहे का कोणी?"

"छे हो. मेव्हण्याच्या शेजारी आहे म्हणे."

"मग मेव्हण्याला सांग, शेजाऱ्याचं नाव कळव. नाहीतर तोही लटकेल." वसुलीसाहेब हसले. "तुझं तोंड का उतरलंय? तुला नाही कोणी धरत."

ड्रायव्हरने डबा बंद केला.

मेव्हण्याच्या शेजारी कोणी नव्हतं. घसा दुखत होता तो ड्रायव्हरच्याच मुलीचा. चार वर्षांची होती ती, घरात तिला सगळे चिमणी म्हणत. सांगितलं, तर पोरीला ओढून नेतील, घराला सील लागेल, आपली रोजंदारी जाईल. नाही सांगितलं, तर कदाचित आपोआप बरी होईल. बापाने मनाशी हा हिशेब केला आणि तो त्या 'कदाचित'वर विसंबला. त्याला दोष देण्याआधी आपण स्वतःला विचारून पाहावं की, त्या गाडीत त्याच्या जागी बसलो असतो, तर आपण काय केलं असतं.

तो कामावर येत राहिला. खाडा केला असता, तर संशय आला असता.

पुढच्या दिवशी भर बाजारात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि गाडी रस्त्याच्या मधोमधच थांबवली.

"अरे, काय करतोस?"

"साहेब, चिमणीला श्वास येईना."

"कोण चिमणी?"

"माझी पोरगी."

"चल," वसुलीसाहेब म्हणाले.

घरापाशी बायको मुलीला चादरीत घेऊन उभीच होती, शेजारी थोरला मुलगा. पोरीची मान सुजून हनुवटीला भिडली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशातून चिरका आवाज येत होता. वसुलीसाहेबांनी आईला पुढे बसवलं, मुलाला मांडीवर घेतलं. गाडी सुसाट निघाली.

आणि टपावरचा भोंगा चालूच होता. आईच्या कुशीत पोर तडफडत होती आणि वर वसुलीसाहेबांचाच आवाज साऱ्या रस्त्याला सांगत होता, मुलाला ताब्यात घेण्यात येईल, गय केली जाणार नाही. त्यांनी बटण दाबलं, पण भोंगा बंद होईना. शेवटी त्यांनी वायरच हिसकून काढली. मग नुसता तो चिरका श्वास ऐकू येत राहिला. तो जास्त भयंकर होता.

वॉर्डात मोठ्या सिस्टर धावतच आल्या. डॉक्टरांनी श्वासासाठी नळी घातली, विष मारणारं इंजेक्शन दिलं. पण शरीरात आधीच भिनलेल्या विषावर ते औषध चालत नाही. आई खाटेजवळून हलली नाही. कोणी तिला हलवलंही नाही. दिवेलागणीला चिमणी गेली.

थोरल्याचा घसा तपासला, तर त्यातही पापुद्रा दिसू लागला होता. त्याला लगेच इंजेक्शन मिळालं. "हा वाचेल," डॉक्टर म्हणाले. आईने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती कोणाकडेही न बघता बोलत होती.

"गाडी रोज दारावरून जायची. यायची वेळ झाली की मी तिच्या तोंडावर हात धरायचे. खोकला बाहेर जाऊ नये म्हणून."

वसुलीसाहेब बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने मोठ्या सिस्टर हात धुऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"मी काय चुकीचं बोललो, सिस्टर?" ते म्हणाले. "लपवू नका, हेच तर घसा फोडून सांगत होतो."

"शब्द खरे होते तुमचे. पण आजारी लेकराच्या आईशी तुम्ही थकबाकीदाराशी बोलावं तसं बोललात. थकबाकीदाराला धाक घातला, तर तो पैसे काढतो. आईला धाक घातला, तर ती पोराला आणखी आत दडवते."

"कायदा नको का मग?"

"हवा ना. वेगळं ठेवायलाच हवं, नाहीतर घरभर पसरेल. माझं भांडण त्याच्याशी नाही. पण एक सांगा. वॉर्डात मुलाजवळ आईला राहता येतं, तिला आम्ही औषध देतो, तोंडाला बांधायला फडकं देतो. हे सांगितलंत कधी?"

"राहता येतं?"

"तुम्हालाही ठाऊक नव्हतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"आणि तुम्ही कोणाला विचारलं नाहीत," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "बैठकीत दवाखान्यातलं एकही माणूस नव्हतं. आपण सगळे आजाराशी लढायला निघालो, साहेब, आणि लढलो आजाऱ्यांशी."

सकाळी वसुलीसाहेब मुख्याधिकाऱ्यांसमोर उभे राहिले.

"मजकूर बदलायचाय."

"आता कशाला? साथ उतरतेय. आणि दहशत गेली, तर कोण ऐकेल?"

"साथ उतरली नाही, साहेब. घरात जाऊन बसलीये. माझ्या शेजारी बसणाऱ्याने पोरगी लपवली आणि मला पत्ता लागला नाही. आपल्या आकड्यांना काय लागणार?"

मुख्याधिकाऱ्यांनाही मुलं होती. मग त्यांनी मोठ्या सिस्टरना बोलावून घेतलं, आणि त्या तासाभरात हुकूम बदलले. बंद घराला धान्य-औषध दारात पोचेल. पोराच्या आजारपणात कोणाची रोजंदारी तुटणार नाही. आई वॉर्डात राहू शकते, हे गाडीवरून सांगितलं जाईल.

संध्याकाळी गाडी ड्रायव्हरच्याच वस्तीत शिरली, भोंगा न वाजवता. नव्या ड्रायव्हरला थांबायला सांगून वसुलीसाहेब खाली उतरले. सगळी दारं बंद. ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि घरात बोलावं तसं बोलले.

"मी तोच आहे, भोंग्यावरचा. मी तुम्हाला घाबरवलं. ते चुकलं माझं. घसा दुखणारं मूल असेल, तर आजच आणा. आज आणलं, तर औषध लागू पडतं. आई जवळ राहू शकते. कोणाची रोजी जाणार नाही."

एकही दार उघडलं नाही. ते पुन्हा बोलले. एक खिडकी बोटभर उघडली.

"असंच म्हणता आणि नेता," आतून बाईचा आवाज आला. "खरंच राहू देतात आईला?"

वसुलीसाहेब उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडच्या दारातून कोणी म्हणालं, "देतात."

ड्रायव्हरची बायको होती ती. वॉर्डात मुलाजवळ नवऱ्याला बसवून ती मुलाचे कपडे न्यायला आली होती. हातात पिशवी तशीच होती.

"देतात गं राहू. मी होते. शेवटपर्यंत माझ्याच हातात होती ती." तिचा आवाज मोडला, पण ती थांबली नाही. "मी उशीर केला. तू नको करू."

खिडकीशेजारच्या दाराची कडी सरकली. बाई बाहेर आली, तिच्या खांद्यावर शालीत गुंडाळलेलं मूल होतं. ती वसुलीसाहेबांकडे न बघता थेट गाडीपाशी गेली. तिच्यामागून समोरचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. मामाकडे गेलेली मुलं एकेक करून संध्याकाळच्या उजेडात येऊ लागली. त्यांतली काही वाचली, काही नाही वाचली. तेव्हाही काहींना उशीर झालाच होता.

वाचकहो, साथीत वेगळं राहणं, घसा दाखवणं, लस टोचून घेणं, हे सारं आपलं कर्तव्यच आहे आणि त्यात टाळाटाळ करणारा दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाशी खेळतो. पण ज्यांच्या हाती हुकूम आहे, त्यांचंही एक कर्तव्य आहे, आणि शेजारी म्हणून तुमचं-माझंही तेच आहे. आजारी माणसाला गुन्हेगार करू नका. तसं केलंत, तर तो दार लावून घेईल, आणि रोगाला नेमकं तेच हवं असतं. घाबरलेल्या आईला आधी विश्वास द्या. ती स्वतःच आपलं लेकरू घेऊन दाराबाहेर येईल.