नोव्हायच्या पुलावरून कॉर्सिकाच्या घाटात

मित्रांनो, मी शशिकांतकाकांची लाल सायकल. माझं वय झालंय, ते मी लपवत नाही. पण मला कुणी भंगार म्हटलं, तर मात्र मी रागावते.

माझा जन्म अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यातला. तिथल्या माणसांनी पोलादी नळ्या तापवून, पितळ ओतून एकमेकींना जोडल्या, लाल रंगाचे तीन हात दिले आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल बसवलं. डोंगर चढण्यासाठीच मला घडवलं होतं. पण माझ्या नशिबात आलं मिशिगन, आणि तेही नोव्हाय. तिथली जमीन पोळपाटासारखी सपाट. गावातला सगळ्यांत मोठा चढ म्हणजे हायवेवरचा पूल.

काका एका कंपनीत मोटारींचे ब्रेक डिझाइन करायचे. धावती गोष्ट नीट थांबली पाहिजे, याचाच त्यांनी पस्तीस वर्षं विचार केला. (नोव्हायमधली सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते.) वीणाकाकूंशी लग्न झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला घरी आणलं. दुकानदाराने माझ्यासोबत एक कॅलेंडर दिलं होतं. त्यात मे महिन्याच्या पानावर फ्रान्सच्या कॉर्सिका नावाच्या बेटावरच्या एका घाटाचं चित्र होतं. खाली निळा समुद्र, आणि वर वळणं घेत घेत गेलेला रस्ता. वर्ष संपलं, तरी काकांनी ते पान गॅरेजच्या भिंतीवर चिकटवून ठेवलं, बरोबर माझ्यासमोर. मला पुसता पुसता ते म्हणायचे, "एकदा जाऊ आपण."

पहिली काही वर्षं मजेत गेली. दर रविवारी आम्ही तळ्यापर्यंत जायचो. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला मुलं माझी घंटी वाजवायला रांग लावायची, आणि मी फुशारून जायचे. मग काकांची लेक आश्लेषा झाली, काकांना बढती मिळाली, घर मोठं झालं आणि मला गॅरेजच्या छताला उलटं टांगलं. माझ्या एका बाजूला बर्फ ओढायचं फावडं, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचं खोकं. मखर निदान वर्षातून एकदा बाहेर जायचं. मी मात्र पंधरा वर्षं समोरचं ते चित्र उलटं बघत होते.

काका रिटायर झाले आणि एका सकाळी शिडी लावून त्यांनी मला खाली उतरवलं. मला इतका आनंद झाला, की चाकांत हवा नव्हती तरी पळत सुटावंसं वाटलं.

पण या एप्रिलमध्ये रेडमंडहून आश्लेषा आली, तीच मुळी गॅरेज साफ करायच्या इराद्याने. जी वस्तू दान करायची, तिच्यावर ती पिवळी चिठ्ठी चिकटवत चालली होती. एक चिठ्ठी माझ्या दांडीवरही बसली. नेमकं त्याच संध्याकाळी काकांनी जाहीर केलं, की सत्तराव्या वाढदिवसाला ते कॉर्सिकाचा तो घाट चढणार, आणि तोही माझ्यावर बसून.

"बाबा, या सायकलवर? सीरियसली?" आश्लेषा म्हणाली. "मी तिथे मोटरवाली सायकल बुक करते. यू जस्ट एन्जॉय द व्ह्यू."

काका हटून बसले. शेवटी बाप-लेकीत करार झाला. पाय न टेकता काका वरपर्यंत पोहोचले, तर मी घरात राहणार. पाय टेकला, तर परत आल्यावर माझी रवानगी दानाच्या ट्रकमध्ये. तोवर चिठ्ठी माझ्या अंगावर तशीच ठेवायची, असंही ठरलं.

त्या दिवसापासून काकांचा सराव सुरू झाला. नोव्हायमध्ये डोंगर कुठून आणणार? ते रोज सकाळी हायवेच्या पुलावर वीस वेळा चढायचे आणि वीस वेळा उतरायचे. चौथ्या दिवशी पोलिसांनी गाडी थांबवून आपुलकीने विचारलं, की तुमचं काही हरवलंय का. दुकानातून माझ्या मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती बसवून आणली. माझी साखळी नवी झाली, अंगाला तेल मिळालं. मित्रांनो, लाड कुणाला नको असतात?

निघायच्या आदल्या दिवशी मला एका खोक्यात बंद केलं. खोक्यात चार कोपरे रिकामे दिसले आणि वीणाकाकूंना राहवेना. परदेशी जाताना बॅगेत रिकामी जागा ठेवणं त्यांना पापासारखं वाटतं. त्यांनी माझ्या चाकांमध्ये भाजणी, मेतकूट, चिवडा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा कोंबला. मग बाथरूममधला वजनकाटा बाहेर आला. आधी काका एकटे उभे राहिले, मग मला खोक्यासकट कवेत घेऊन उभे राहिले, आणि आश्लेषाने वजाबाकी केली. तीन पाउंड जास्त. लाडू काढायचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. काकांनी एक जड पिशवी काढून काकूंना दिली, तुझ्या बॅगेत टाक म्हणाले. त्यात माझी दोन्ही पेडलं, बूट आणि पेडलं आवळायचा मोठा पाना होता. ती टाकली तर काकूंची बॅग जड झाली. काकूंनी पिशवी सोफ्यावर ठेवली आणि ही तुमच्या खांद्यावरच्या बॅगेत घ्या म्हणाल्या. काका काट्यावरचा आकडा वाचत होते, ते नुसते हो म्हणाले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला खोक्यात चिकटपट्टीने बांधून टाकलं होतं.

कॉर्सिकात आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या नीनाबाईंच्या घरी उतरलो. रविवारी, वाढदिवसाच्या सकाळी, काकांनी अंगणात मला जोडायला घेतलं. चाकं बसली, हँडल बसलं, सीट बसली. मग काकांनी हात पुढे केला आणि काकूंकडे पेडलं मागितली.

"अहो, ती तुमच्या बॅगेत," काकू म्हणाल्या.

"माझ्या? तुझ्या बॅगेत ना?"

दोघांनाही एकदमच सोफा आठवला. आश्लेषा पोट धरून हसली. सायकलचं दुकान सोमवारी उघडणार होतं. हसणं आवरल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, इट्स फाइन. मोटरवाली घ्या ना. कुणी काही म्हणणार नाही."

आश्लेषाने तरीही बुक केलेली ती मोटरवाली भिंतीला टेकून उभी होती. काळीभोर आणि तुकतुकीत. माझ्या दांडीवरची चिठ्ठी वाऱ्याने फडफडली आणि मला वाटलं, संपलं आता. काका तिच्याजवळ गेले, वाकले आणि तिच्या पेडलांकडे निरखून बघू लागले. मग त्यांनी नीनाबाईंना खुणेने पाना मागितला. नीनाबाईंनी गोठ्यातून ट्रॅक्टरचा पाना आणून दिला. मोठ्या सायकलींच्या पेडलांचे आटे बहुतेक सारखेच असतात, आणि डाव्या पेडलाचे आटे उलटे फिरतात, हे काकांना ठाऊक होतं. पाच मिनिटांत मोटरवालीची पेडलं माझ्या पायांत आली. तिने कुरकूर केली नाही. तिला मी अजूनही दुवा देते.

"म्हणजे आता बॅकअप पण नाही," आश्लेषा म्हणाली.

"नाही," काका म्हणाले आणि माझ्यावर बसले.

चौदा किलोमीटरचा घाट. सुरुवातीला चेस्टनटच्या झाडांची सावली होती, मग नुसतं ऊन आणि कातळांतून येणारा रानझुडपांचा वास. काकांचा गुडघा कुरकुरला, की माझी सीट साथ द्यायची. मागून गाडी हळूहळू येत होती. आश्लेषा चालवत होती आणि काकू अधूनमधून खिडकीतून लाडू पुढे करत होत्या. लाडू आणले ते वाया गेले नाहीत, हे मला कबूल करावंच लागेल. चढ काकांच्या पोटऱ्यांत भरत होता, आणि तरी मी खूश होते. इतकी वर्षं ज्यासाठी थांबले, ते हेच होतं.

अकराव्या किलोमीटरला, सगळ्यांत उभ्या वळणावर, रस्ता भरून डुकरं पहुडलेली. तिकडे ती मोकळीच फिरतात. काकांची बोटं सवयीने ब्रेकवर गेली. पाय पेडलावरून सुटायला लागला. आणि मग त्यांनी हँडल वळवलं आणि रस्त्याच्या रुंदीत गोल फिरायला सुरुवात केली. अर्धा गोल खाली, अर्धा गोल वर. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या. काकांना धाप लागली आणि मी लटपटू लागले.

आश्लेषाने गाडी थांबवली. पाय टेकला असता, तर तीच जिंकणार होती. पण ती दार उघडून धावत पुढे आली आणि ओढणी फिरवत डुकरांना हाकू लागली. मिशिगनमध्ये जन्मलेली, शेजारच्या कुत्र्याशीही इंग्रजीत बोलणारी पोर फ्रान्सच्या डुकरांना "हाड, हाड" करत होती. डुकरं मराठीला मान देऊन बाजूला झाली आणि आम्ही पुढे निघालो.

माथ्यावर दगडी कठडा होता आणि त्याच्या पलीकडे निळा समुद्र. तेच चित्र, पण या वेळी सुलटं. काका पाटीजवळ पोहोचले आणि तसेच पुढे निघाले.

"बाबा, थांबा," मागून आश्लेषाचा आवाज आला. "झालं. वरती आलात तुम्ही."

काका हसत सुटले. "थांबायचं विसरलोच गं," ते म्हणाले. जन्मभर ब्रेक बनवलेला माणूस तो! आश्लेषाने येऊन त्यांना मिठी मारली, मग वाकून माझ्या दांडीवरची चिठ्ठी सोलून काढली आणि खिशात ठेवली. तिचे डोळे भरले होते. मला डोळे असते, तर माझेही भरले असते.

त्याच संध्याकाळी काकांनी मोटरवालीची पेडलं पुसून तिला परत बसवून दिली. आता मी नोव्हायमध्ये गॅरेजच्या दाराजवळ उभी असते, जमिनीवर, माझ्या स्वतःच्या पेडलांसह. आश्लेषा आली, की तीही मला पुलावर नेते. मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी छताला टांगलेलं असेल, तर त्याला खाली उतरवा. चाकांत हवा भरा, साखळीला तेल द्या. आम्ही चढाने थकत नाही, नुसत्या लटकण्याने गंजतो.

आणि ती पिवळी चिठ्ठी? घरी परतताच आश्लेषाने ती बाथरूममधल्या वजनकाट्यावर चिकटवली, त्याच्या आकड्यापायीच तर पेडलं सोफ्यावर राहिली होती. मला वाटलं, बरं झालं, चांगली खोड मोडली. पण दुसऱ्या दिवशी वीणाकाकूंनी चिठ्ठी काढून टाकली, काटा ओल्या फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला. जुनी वस्तू एका चुकीसाठी घालवू नये, असं त्यांचं म्हणणं. मी दाराआडून ऐकलं, आणि त्या काट्याला माफ करून टाकलं.