चार बोटं बाहेरची चाकं

पुढच्या डाव्या टायरला बाहेरच्या अंगाने काव लागली होती. जमिनीला टेकणारा भाग चारही टायरांचा सारखाच झिजलेला. पण या एकाच्या कुशीवर वीतभर तांबडा पट्टा होता, आणि त्याला लागून चुन्याचा पांढरा. देवळाच्या आवारभिंतीला असेच पट्टे असतात. उजव्या टायरच्या कुशीवर नुसती धूळ.

गोपालकृष्णाने ओलं फडकं घेऊन काव पुसायला सुरुवात केली. मान वर केली तर वहिनी दारात उभी.

"पुसून काय होणार, भावजी?" जयलक्ष्मी म्हणाली. "परवा तिरुनागेश्वरमच्या देवळापाशी फुलवालीची टोपली चाकाखाली गेली. तिने हात मागे घेतला म्हणून वाचली."

"अण्णा म्हणतात, आस वाकलाय."

"मग वाकलाय का?"

तो फडकं पिळू लागला. सकाळीच त्याने दोन्ही बाजूंना मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणून पाहिली होती. आस सरळ होता. अण्णांच्या डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा येत होता, आणि ते घरात तिघांनाही ठाऊक होतं, अण्णा धरून.

"तुम्हीच सांगा ना, वहिनी."

"मी सांगितलं तर चार दिवस जेवायचे नाहीत. तुमचं ऐकतील. पण वर्षभर तुम्ही नुसता आवंढा गिळताय."

अण्णा म्हणजे थोरला भाऊ व्यंकोबा. वडील गेल्यावर त्यांनीच गोपालकृष्णाला वाढवलं, पितळी भांड्यांचा धंदा शिकवला, मोटार हाकायलाही शिकवलं. पण मागे उघडी फळ्यांची पेटी असलेली ही गाडी आली तेव्हापासून हाकायचे ते अण्णाच. थोरल्याच्या हातातून काही काढून घ्यायची या घरात रीत नव्हती. धाकटा डावीकडे बसायचा आणि भिंत जवळ आली की म्हणायचा, "देऊळ काय सुरेख रंगवलंय, नाही अण्णा?" की अण्णा गाडी उजवीकडे घ्यायचे. दोघांत त्यावर कधी एक शब्द झाला नाही. परवा मात्र अण्णा एकटेच गेले होते.

त्या दुपारी दोघे भाऊ शेषाद्रीच्या चाकं-टायरांच्या दुकानात गेले. जुनी लाकडी आऱ्यांची चाकं खिळखिळी झाली होती, ती बदलायचीच होती. शेषाद्रीने दोन जोड मांडले. एक अरुंद, जुन्याच मापाचा. दुसरा नुकताच मद्रासेहून आलेला. पोलादी तबकड्यांचा, वर जाडजूड टायर.

"चहामळेवाल्या गोऱ्या साहेबांच्या गाड्यांना हीच असतात," शेषाद्री तमिळमध्ये म्हणाला. "चिखलात रुतायची नाहीत. पण गाडीच्या अंगाबाहेर चार बोटं येतात. गल्लीबोळांत जपून हाकावी लागेल."

अण्णांनी जाड टायरवर थाप मारली, लग्नाच्या गाडीच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मग मराठीत वळले. बाजारात दोघे भाऊ आपसातलं मराठीतच बोलत. दुकानदाराला काय कळतंय!

"गोपाळा, हीच घेऊ. मला डावीकडचं हल्ली जरा धूसर दिसतं. जाड रबर असलं म्हणजे भिंतीला घासलं तरी गाडीला ढिम्म काही होत नाही."

वर्षभर जे कुणी बोललं नव्हतं ते अण्णा टायरांबद्दल बोलावं तसं सहज बोलून गेले होते. गाडीला काही होणार नाही, हे खरंच होतं. पण भिंतीला पाठ लावून फुलवाल्या बसतात, आणि ही चाकं चार बोटं बाहेर.

"अण्णा, अरुंदच बरी. भांड्यांना तेवढी पुरतात."

"पुरतात! तू लहानपणापासून भित्रा. कावेरीत उतरायचास तोही माझं धोतर धरून!" अण्णा हसले आणि शेषाद्रीला तमिळमध्ये म्हणाले, "रुंद चढवा."

शेषाद्री हलला नाही. त्याने रुंद चाक उभं केलं आणि हळूहळू गडगडवत परत भिंतीशी नेऊन ठेवलं.

"ही मी तुम्हाला देणार नाही, अय्या," तो आदराने तमिळमध्ये म्हणाला. मग अडखळत, पण स्वच्छ मराठीत बोलला, "आमचं घर तुमच्याच लोकांच्या आळीत होतं. तुमच्या ओसऱ्यांवर खेळून वाढलो मी. ऐकलं नाही असं दाखवणार होतो. जमलं नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. ते बाकावर बसले आणि धोतराचा सोगा उगाच सारखा करू लागले.

"बाहेरच्या माणसासमोर..." ते पुटपुटले. "गोपाळा, तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"बरेच दिवस झाले."

"तरी बोलला नाहीस?"

"तुमच्यासमोर कसं बोलू, अण्णा?"

"आणि त्या बाईचा हात गेला असता म्हणजे?" अण्णांचा आवाज चिरकला. "मग बोलला असतास?"

अण्णा रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसते जमिनीकडे पाहत होते. शेषाद्री अरुंद चाकांवरचा कागद काढण्यात गुंतल्यासारखा पाठमोरा झाला.

गोपालकृष्ण भावापुढे उकिडवा बसला. या खेपेला त्याने आवंढा गिळला नाही.

"अण्णा, आजपासून गाडी मी हाकणार."