ओटीतल्या शेंगा

हिरवी तुरीची शेंग अंगठ्याखाली उकलताना जो हलकासा आवाज होतो, तो कानी पडला की मला वंदनाताई आठवतात. नागपूरच्या त्या रुग्णालयातली पूर्वेकडची खोली आठवते, खिडकीतून सतरंजीवर उतरणारे पौषातले कोवळे ऊन आठवते, आणि त्या उन्हात पाय दुमडून बसलेली, केस गेलेली माझी सात वर्षांची मीरा.

कर्करोगावरच्या औषधांनी मीराच्या बोटांतले बळ नेले होते. शर्टाचे बटण लावणे, घास उचलणे, पेन्सिल धरणे, ही रोजची कामे हातांना पुन्हा शिकवायची, हा वंदनाताईंचा पेशा. त्या बोलत थोडे, थांबत फार. मीराचे बोट काजापाशी अडखळे, बटण निसटे, पुन्हा निसटे, आणि ताईंचा चेहरा मात्र पहाटेच्या तळ्यासारखा निवांत असे. मला ते बघवत नसे. माझे हात आपोआप पुढे धावत.

"ताई, तुमचे हात काहून धावून राहिले? तिले करू द्या न," असे मला म्हणून वंदनाताईंनी एक दिवस घरून आणलेल्या शेंगा माझ्या ओटीत ओतल्या. "घ्या, सोले काढा."

मुलीचा उपचार आणि आईने तुरीचे दाणे सोलायचे! मला रागच आला. एका सकाळी ताई जरा बाहेर गेल्या, तशी मी मीराची सारी बटणे भराभर लावून टाकली. परत येताच त्यांनी त्या नीट, सरळ ओळीकडे पाहिले आणि एकेक बटण सोडले. मीरा रडली. मीही रडले.

"आज तुम्ही लावून द्याल," त्या हळूच म्हणाल्या, "शाळेत कोण लावून देईन?"

शाळा हा शब्द त्या महिन्यांत आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हते. इतक्या पुढचे मागायची भीती वाटे. ताईंनी तो सहज उच्चारला, जणू मीरा उद्याच दप्तर भरणार होती. त्या दिवसापासून मी मान खाली घालून सोले काढू लागले.

ऊन तापत गेले, शेंगांचा हंगाम सरला, उपचार संपले. ताईही दुसऱ्या गावच्या रुग्णालयात निघून गेल्या.

शाळा उघडली त्या सकाळी मीरा आरशासमोर उभी होती, डोक्यावर नवे, मऊ केस घेऊन. ऑटोवाला दाराशी हॉर्न वाजवत होता; तिला घाई नव्हती. ती वळली तेव्हा शर्ट एका काजाने वाकडा लागला होता.

"आई, पाह्य न! मीच लावले."

माझे हात उचलले गेले आणि ओटीपाशीच थांबले. ती तशीच, वाकड्या शर्टाने, ऑटोत जाऊन बसली. ताई तेव्हा दूरच्या गावी होत्या. तरी त्या सकाळी ऑटो दिसेनासा होईपर्यंत माझी बोटे ओटीत नसलेल्या शेंगा उकलत राहिली.