धसक्याचं माप

धाकट्या लेकीचं, ओबदुलियाचं लग्न झालं त्या साली एलेउतेरिओच्या रक्तात साखर निघाली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. बोट टोचून रोज सकाळी साखर बघ, म्हणून दवाखान्याने यंत्र दिलं. पण सुई दिसली की गडी ओसरीचा खांब धरून पांढराफटक पडायचा.

"पोरगी सासरी जाताना रडली नाही, हा बाप्या सुईला रडतो!" त्याची बायको क्रेसेन्सिया शेजारणींना सांगायची.

शेवटी शहरातून नवी आलेली नर्स नायेली घरी आली. जखम बघून म्हणाली, "काका, रोजचा आकडा कळल्याशिवाय औषध ठरत नाही. असंच चाललं तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल." मग तिने सुईची भीती मोजायच्या प्रश्नांचा कागद काढला. "धसका किती वेळा वाटतो? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

त्या गावात धसका म्हणजे एकच. माणूस दचकतो, जीव अंगातून निसटतो, आणि त्याच्या रिकाम्या जागी पुढे कधीतरी साखर येऊन बसते.

एलेउतेरिओ टोपी विणायची ताडाची पात हातात फिरवत राहिला. "एकदाच," तो म्हणाला. "ही बाळंतपणात अडली होती तेव्हा. मूल गेलं. हिचं रक्त थांबेना. सुईण म्हणाली, चटई धुऊन आण. ओढ्यावर धूत होतो, पाणी लाल ते लालच. वाटलं, घरी पोचेपर्यंत ही राहत नाही."

क्रेसेन्सियाच्या हातात मक्याच्या पिठाचा गोळा तसाच राहिला. हा माणूस तेव्हा गावची डुकरं कापायचा. त्याच साली सुरी टाकून टोप्या विणायला बसला. कामचुकार, म्हणून तिने त्याला जन्मभर ऐकवलं होतं.

"मेल्या, सांगायचंस ना!"

"तू जिवंत होतीस. मग काय सांगायचं?"

"काकू, मी सुईचं विचारलं होतं," नायेली हळूच म्हणाली.

"त्याने तेच सांगितलं, पोरी. लिही, मावेल तेवढं."

संध्याकाळी क्रेसेन्सियाने त्याला सब्जाच्या डहाळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत झाडलं, तोंडावर दारूची चूळ फुंकली आणि निसटलेल्या जिवाला हाक मारली, "एलेउतेरिओ, ओढ्यावर बसू नकोस, घरी ये!"

सकाळी यंत्र घेऊन तिने मध्ये शाल धरली आणि त्याचा हात शालीआड ओढून घेतला.

"टोचलंस?"

"केव्हाच. तुझं रक्त तुझ्यापाशी आहे नि माझं माझ्यापाशी. कॉफी पी. बिनसाखरेची."

तेव्हापासून रोज तसंच. अंगठा गेला, पाऊल राहिलं.

क्रेसेन्सिया ओबदुलियाच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्यानंतरच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेली. पुढे तो तीच शाल मांडीवर पसरायचा आणि तिच्याखाली हात घालून आपलं आपण टोचायचा. एलेउतेरिओ वारला बायकोमागून चार वर्षांनी, ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी.