भरणी नको, आत्या

मी चर्चमधली पायपेटी बोलतेय. आवाज जरा धापा टाकत येईल, सांभाळून घ्या. वय झालंय.

सुताराने मला चांगल्या लाकडात घडवलं, पण माझा जीव आहे पोटातल्या भात्यात. पायाने हवा भरायची, बोटांनी पट्ट्या दाबायच्या, की मी गायला लागते. भात्याला उंदरांनी भोकं पाडली, पट्ट्या पिवळ्या पडल्या, एक पट्टी तर दाबली की वर यायलाच तयार नसते. तरी मंडळीचं माझ्यावाचून पान हलत नाही, कारण इथे कोणाला शांतता सोसवतच नाही. पाळक उपदेशाआधी चष्मा शोधताहेत, वाजव. बाळ रडतंय, वाजव. प्रार्थनेत कोणाला हुंदका फुटला, तर आधी वाजव. याला ही माणसं 'भरणी' म्हणतात.

मला वाजवणारी बाई भरणीत पटाईत. अख्खी मंडळी तिला आत्या म्हणते, पण सख्खी भाची एकच.

त्या भाचीने एकदा घरी सांगितलं, की रविवारच्या शाळेचे मास्तर तिच्या अंगाला हात लावतात. "असं बोलू नये," म्हणून तिला गप्प केलं गेलं. पुढे आणखी मुली बोलल्या, मास्तरांवर खटला उभा राहिला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग पाळकांनी पश्चात्तापाची उपासना ठरवली, आणि गीतं नि शास्त्रपाठ निवडायला आता मोठी झालेल्या भाचीलाच बोलावलं. बैठक माझ्याजवळच बसली.

"जरा उभारी देणारं गीत घेऊ या," पाळक म्हणाले. आत्याने लगेच एक सुरू केलं.

"हे मास्तरांनीच शिकवलंय आम्हाला," भाची म्हणाली.

आत्याने चटका बसल्यासारखी बोटं उचलली. मला माझ्याच आवाजाची शिसारी आली.

पाळकांनी क्षमेचा पाठ सुचवला. "क्षमेचं माझं मी बघेन," भाची म्हणाली, "तुम्ही आधी 'आम्ही चुकलो' एवढं तरी म्हणा." तिला असं स्तोत्र हवं होतं, जे शेवटपर्यंत रडतं आणि कुठेच दिलासा देत नाही.

"अगं, मग लोक घरी काय घेऊन जातील?" आत्याने विचारलं.

"मी घेऊन जायचे, तेच."

पाळकांनी क्षमेच्या पाठावरची खूण काढली. मग म्हणाले, "तेच वाचू."

"आणि स्तोत्रानंतर मी बोलेन. तेव्हा भरणी नको, आत्या. मी अडखळले तरी नको."

"नाही गं, हातसुद्धा लावणार नाही."

उपासनेच्या दिवशी स्तोत्र वाचून झालं. भाची उभी राहिली. "वर्ग सुटला की मास्तर मला थांबवून घ्यायचे, आणि..." ती अडखळली. कोणी खाकरलं. कोणी घड्याळाकडे पाहिलं. आणि आत्याचे पाय सवयीने पायट्यांवर गेले.

मी वाजले. तेही मास्तरांचंच गाणं.

"आत्या," भाची एवढंच म्हणाली.

आत्याने हात मागे घेतले, पण ती हट्टी पट्टी वर आलीच नाही. भात्यातली हवा संपेपर्यंत माझा एक सूर चर्चभर घुमत राहिला. अख्खी मंडळी ऐकत होती. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण मला कुठे तोंड मिटता येतं?

शेवटी सूर विझला. आत्याने माझं झाकण लावलं, भाचीजवळ जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तेव्हाही तुला मीच गप्प केलं होतं. बोल बाळा."

भाचीने वाक्य पूर्ण केलं. ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे.

आता रविवारी मी पुन्हा गाते. पण एक विनवणी आहे. कोणी बोलता बोलता थांबलं, तर माझ्याकडे धावू नका. त्या माणसाचं बोलणं अजून संपलेलं नसतं.