कॅच कॅनची जागा

श्यामकांतने बॉनेट वर करून दांडी अडकवली आणि हातातला काळा डबा इंजिनाच्या कडेला, एक्झॉस्टचा पाइप निघतो तिथे धरला.

"इथे बसवू?"

"नको, तिथे नको," हारून पटकन म्हणाला. "तिथे भट्टी असते. डबा तापला तर वाफेचं तेल होणार कसं? वाफ आली तशी पुढे निघून जाईल."

श्यामकांतने डबा काढून घेतला आणि फडक्याने उगाचच पुसला. मूठभर आकाराचा तो डबा, कॅच कॅन, त्याने हारूनच्याच दुकानातून आणला होता. इंजिनाच्या पोटातून तेलकट वाफ येते, ती पुन्हा इंजिनात शिरून आत काजळी धरते. मध्ये हा डबा बसवला की तेल त्यात गळून राहतं. एवढंच त्याचं काम. पण जागा चुकली तर डबा असून नसल्यासारखा.

हारून रत्नागिरीकडचा. सौदीतल्या यान्बूच्या सनाइयात, गॅरेजांच्या वस्तीत, त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. जुम्याची नमाज व्हायला अवकाश होता, म्हणून तो श्यामकांतच्या हाकेसरशी आला होता. निदान श्यामकांतला तरी तसं वाटावं, अशी त्याची इच्छा होती.

खरी गोष्ट निराळी होती. श्यामकांतची बायको शोभना इथल्या इस्पितळात नर्स. मागल्या पंधरवड्यात ती एकटीच हारूनच्या दुकानात आली होती.

"मला आयर्लंडला नोकरी लागली आहे," तिने उभ्या उभ्या सांगितलं होतं. "मी एकटी जाणार. गाडी माझ्या नावावर आहे, ती तुम्ही घ्या. पण यांच्याजवळ बोलू नका, हारूनभाऊ. तिकीट हातात येऊ द्या."

"आणि श्यामराव?"

"चिपळूणला भाऊ आहे त्यांचा."

हारूनला घरी पोचेपर्यंत वाईट वाटत राहिलं. घरी पोचल्यावर गाडीचा रंग आठवला. श्यामकांतच्या हाताखालची गाडी म्हणजे नव्याहून बरी, हे सगळ्या सनाइयाला ठाऊक होतं.

आता शोभना चहाचे कप घेऊन बाहेर आली. रात्रपाळी करून आली होती, डोळे ओढलेले होते.

"झाली का जागा पसंत?" ती म्हणाली. "माझ्यासाठी स्थळ बघताना माझ्या बापाने एवढा वेळ घेतला असता, तर बरं झालं असतं."

हारून मोठ्याने हसला. श्यामकांतही हसला, पण अंमळ उशिराने.

तिच्या जिभेला धार होती, ती उगाच नव्हे. ती इथे आली तेव्हा नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या रहिवासाच्या कागदावर होती. तिचे वडील गेल्याचा निरोप आला. देशाबाहेर पडायला परवाना लागे, आणि तो ज्याच्या इकाम्यावर आपण असू त्यानेच काढायचा असे. श्यामकांत तेव्हा प्लांटच्या शटडाउनच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला. "उद्या बघू," म्हणाला. त्या उद्याला तिचे वडील चितेवर चढले. तिने तोंडातून ब्र काढला नाही. नर्सिंगची परीक्षा दिली, नोकरी धरली, स्वतःचा इकामा केला. पुढे श्यामकांतचं प्लांटवरचं काम सुटलं आणि त्याचं नाव तिच्या इकाम्याखाली आलं. आता तो डाळ शिजवी, तिला ड्यूटीवर सोडी आणि आणी. तिचा इकामा खलास, की त्याचाही खलास.

"जरा हा पाइप धर," श्यामकांत तिला म्हणाला.

"हाताला वास लागेल."

"धर गं. लांबी बघायची आहे."

तिने मेलेला उंदीर उचलावा तसा रबरी पाइप दोन बोटांत धरला. श्यामकांतने डबा पुढे नेला, हेडलाइटच्या मागे.

"इथे वारा लागतो. थंड राहील."

हारून वाकला. त्याचं नुसती मान हलवून भागलं असतं. पण त्याने नजरेनेच पाइपचा उतार मोजला. "इथून पाइप लांब पडेल, मध्ये झोळ येईल. झोळात तेल साचतं. आणि समोरून कोणी ठोकलं तर पहिला हाच फुटेल."

"मला कोण ठोकणार?"

"तुला नाही रे," हारून म्हणाला, आणि थांबला. "म्हणजे, एखादवेळी."

शोभनाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. श्यामकांत मात्र डब्याकडेच बघत होता. त्याने तो बॅटरीच्या शेजारी, मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लावून धरला. इथे एक्झॉस्टची धग नव्हती आणि पाइप सरळ उतरत होता. हारूनने बाही वर केली, हात आत घातला आणि डब्याच्या तळाची तोटी बोटांनी चाचपली.

"हं. इथे हात पोचतो."

"कोणाचा?"

"कोणाचाही."

"बघ हां. पत्र्याला एकदा भोक पाडलं की पाडलं. तुझी गाडी असती तर इथेच लावला असतास?"

"इथेच," हारून म्हणाला.

श्यामकांतने खडूने खूण केली आणि ड्रिल लावलं. पत्रा किंचाळला. कडांना गंज धरू नये म्हणून त्याने भोकांना काडीने रंग लावला, तो सुकेपर्यंत फुंकर घालत बसला. मग डबा बसवला, पाइप जोडले, क्लॅम्प आवळले. शोभना एक पाय भिंतीला टेकवून फोन बघत होती. हारूनचा चहा थंड झाला होता, तो त्याने तसाच पिऊन टाकला.

"पंधरा-वीस दिवसांनी तोटी सोडून बघत जा," श्यामकांत पाना पुसत म्हणाला. "हिवाळ्यात समुद्राची दमट हवा असते. तेलात पाणी उतरतं, दुधाळ दिसतं. इंजिन गेलं म्हणून घाबरू नकोस."

"हो, हो," हारून म्हणाला. मग एकदम सावरला. "मला कशाला सांगतोस?"

"मग कोणाला सांगू? शोभना काय गाडी बरोबर नेणार आहे? तिकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं."

वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी फरशीवर टपटपत होतं. शोभनाने फोन खाली केला. तिचा चेहरा क्षणभर उघडा पडला आणि लगेच मिटला.

"कळलंय तर," ती म्हणाली. "बरं झालं. माझा सांगायचा त्रास वाचला."

तिने दोन्ही कप उचलले. दारात चपला काढताना तिने कप जमिनीवर टेकवले, चपला एकमेकींशेजारी नीट ठेवल्या, कप पुन्हा उचलले आणि आत गेली.

"श्यामराव, मी सांगणारच होतो. वहिनींनी शपथ..."

"तिचं मला आधीच कळलं होतं," श्यामकांत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "गाडी कोणाला दिली, तेवढं कळत नव्हतं. दुकानात तुला कोणी विचारलं, हे कुठे लावू, ते कुठे लावू, की तू काय म्हणतोस? यल्ला, लाव कुठेही. माझ्या गाडीलाही तू आजवर तेच म्हणत आलास. आज एकदाही म्हणाला नाहीस."

हारूनने रुमाल काढून मान पुसली.

"मी तीनदा विचारलं," श्यामकांत म्हणाला. "वाटलं, एकदा तरी म्हणशील."

त्याने बॉनेट खाली घेतलं आणि तळहाताने दाबून बंद केलं. मग खिशातून किल्ली काढून हारूनपुढे धरली.

"एक चक्कर मारून आण. पाइप कुठे गळतो का बघ."

श्यामकांतने किल्ली तशीच धरून ठेवली. मशिदीतून अजान सुरू झाली. हारूनला नमाजेचं निमित्त होतं. नको म्हणता आलं असतं, किल्ली परत त्याच्या खिशात कोंबता आली असती, निदान गळ्यात पडता आलं असतं. त्याने किल्ली घेतली.

श्यामकांत पाठमोरा होऊन जमिनीवरचे पाने गोळा करू लागला.

हारून गाडीत बसला. श्यामकांत त्याच्यापेक्षा वीतभर उंच. हारूनचे पाय पेडलला पुरेनात. मग त्याने हात खाली घातला, दांडी ओढली आणि सीट पुढे सरकवून घेतली.